वस्तू, जागा आणि नाव : भायखळ्याच्या दोन प्राण्यांच्या निमित्ताने

१

वस्तुसंग्रहालयाची समीक्षा करण्याची प्रथा मराठीत फारशी रूढ नाही. ग्रंथाची समीक्षा होते, नाट्यप्रयोगाची होते, चित्रप्रदर्शनाचीही होते. संग्रहालय मात्र सुटीच्या दिवशी पाहून यावे आणि मुलांना दाखवावे, एवढ्यापुरतेच मानले जाते. वस्तुतः ग्रंथाप्रमाणे संग्रहालय हीदेखील बुद्धिपुरस्सर केलेली रचना असते. कोणती वस्तू घ्यावी, ती कोठे ठेवावी, कोणत्या वस्तूच्या शेजारी ठेवावी आणि तिच्याखाली कोणते शब्द लिहावेत, ह्या प्रत्येक गोष्टीत निवड असते. आणि जेथे निवड असते तेथे परीक्षणालाही अवकाश असतो. वस्तूखालचे शब्द हा तर भाषाभ्यासकाच्या अधिकारातलाच विषय होय.

जुन्या मराठीत संग्रहालयाला 'अजबखाना' म्हणत. 'वस्तुसंग्रहालय' हा मागाहून घडविलेला शब्द. पहिल्या शब्दात पाहणाऱ्याचे नवल व्यक्त होते, दुसऱ्यात जमविणाऱ्याचे काम. शास्त्रीय दृष्टी आल्यावर पहिला शब्द मागे पडला हे स्वाभाविकच झाले. परंतु त्याबरोबर नवल ही जिज्ञासेची पहिली पायरी आहे, हेही थोडे विस्मरणात गेले. घाईने हिंडणारा प्रेक्षक वस्तू पाहतो, फलक वाचतो आणि पुढच्या वस्तूकडे वळतो. सवडीने हिंडणाऱ्याला एखाद्या वेळी फलकांवर नसलेली गोष्टही दिसते. दूरदूर ठेवलेल्या दोन वस्तूंमध्ये काही नाते आहे, असे त्याच्या ध्यानात येते आणि त्या नात्याचा उलगडा संग्रहालयाच्या भिंतींबाहेर, गावाच्या बोलण्यात शोधावा लागतो.

मुंबईत भायखळा येथे डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय आहे. त्याच्या आवारात एक काळ्या दगडाचा हत्ती उभा आहे, आणि लगतच्या उद्यानात ब्राँझचा एक घोडा, स्वारासह, आणून ठेवलेला आहे. ह्या दोन प्राण्यांनी मुंबईच्या परिसराला दोन स्थलनामे दिली: एकाने 'एलिफंटा', दुसऱ्याने 'काळा घोडा'. दोघांनाही आपापल्या जागेवरून हलविण्यात आले. नावे मात्र मूळ जागीच राहिली. परिणामी ज्या जागांना नावे आहेत तेथे ते प्राणी नाहीत, आणि ते प्राणी जेथे आहेत त्या जागेला त्यांचे नाव नाही. ही ताटातूट कशी झाली, नावांवर तिचा काय परिणाम झाला, आणि ती नोंदविण्याची जबाबदारी संग्रहालयावर कितपत येते, ह्यांचा विचार येथे करावयाचा आहे.

२

संग्रहालयाचा इतिहास थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण वस्तू आणि जागा ह्यांची ताटातूट त्याच्या वाट्याला आरंभापासूनच आली. १८५५ साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातील वस्तू गोळा करण्यात आल्या. त्या निमित्ताने मुंबईत कायमचा संग्रह असावा अशी कल्पना पुढे आली आणि कोटातील एका लष्करी बराकीत तो मांडण्यात आला. १८५७ साली लष्कराला ती जागा हवी झाली. संग्रह घाईघाईने बाहेर काढण्यात आला आणि त्याचा पुष्कळसा भाग नष्ट झाला. पुढे डॉ. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड, जगन्नाथ शंकरशेट प्रभृतींच्या खटपटीने स्वतंत्र इमारतीची योजना झाली. १८६२ साली सर बार्टल फ्रियर ह्यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १८७२ साली 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम' ह्या नावाने ते लोकांसाठी उघडले.

१९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे नाव देण्यात आले. हे नाव अनेक अर्थांनी समर्पक आहे. भाऊ दाजी हे केवळ नामांकित वैद्य आणि मुंबईचे दोनदा झालेले शेरीफ नव्हते; प्राचीन शिलालेखांचे वाचन करणाऱ्या पहिल्या पिढीतील ते एक पंडित होते आणि अजिंठ्याच्या लेखांवर त्यांनी काम केले. दगडावरच्या अक्षरांवरून हरवलेला इतिहास परत मिळविणाऱ्या पुरुषाचे नाव ज्या संग्रहालयाला आहे, त्याच्या दारातला हत्ती अशा एका बेटावरून आला आहे, जेथला एकमेव महत्त्वाचा शिलालेख कोणाला वाचता येण्यापूर्वीच नाहीसा झाला. हा योगायोगच; पण पुढील विवेचनात त्याचा उपयोग आहे.

३

हत्ती मूळचा घारापुरीचा. मुंबई बंदरातील ह्या बेटावरील शैव लेणी सर्वसाधारणपणे इसवी सनाच्या सहाव्या शतकातील मानली जातात, आणि १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत त्यांचा समावेश झाला. बेटाच्या दक्षिणेकडील जुन्या धक्क्याजवळ, राजबंदराच्या बाजूस, एकाच काळ्या शिळेतून कोरलेला हा हत्ती उभा होता. समुद्रातून येणाऱ्याला लेणी दिसत नसत. ती डोंगरात वर होती. प्रथम दिसे तो हत्ती. गुजरातच्या सुलतानाने १५३४ च्या तहाने हा प्रदेश पोर्तुगीजांना दिला, त्यानंतर त्यांच्या लिखाणांतून बेटाचा उल्लेख 'हत्तीचे बेट' असा होऊ लागला. त्यातूनच पुढे 'एलिफंटा' हे रूप स्थिर झाले.

ह्या बाबतीत गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याचा १५६३ साली गोव्यात छापलेला ग्रंथ विशेष महत्त्वाचा आहे. औषधी वनस्पतींवरील त्या ग्रंथात लेण्यांचा ओझरता उल्लेख येतो, आणि तेथे ओर्ता बेटाचे नाव 'पोरी' असे सांगून आपले लोक त्यास हत्तीचे बेट म्हणतात, असे नमूद करतो. 'पोरी' म्हणजे उघडच 'पुरी'. एकाच वाक्यात दोन नावे आणि ती कोणाची हेही सांगितलेले असावे, अशी नोंद स्थलनामांच्या अभ्यासात दुर्मिळ असते. तिच्यावरून दोन गोष्टी निश्चित होतात. सोळाव्या शतकाच्या मध्याला बेटाचे देशी नाव व्यवहारात होते. आणि नवे नाव हे जुन्याचे भाषांतर किंवा अपभ्रंश नसून वेगळ्या दृष्टीने दिलेले वेगळे नाव होते. बेटावर राहणाऱ्याला वस्ती महत्त्वाची, म्हणून 'पुरी'. गलबतातून पाहणाऱ्याला खूण महत्त्वाची, म्हणून 'हत्ती'. 'घारा' ह्या पूर्वपदाच्या अनेक व्युत्पत्त्या सुचविण्यात आल्या आहेत. त्यांपैकी एकही सर्वमान्य झालेली नाही. परंतु 'पुरी' ह्या उत्तरपदाच्या प्राचीनतेला ओर्ताची साक्ष पुरेशी आहे.

पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतु ह्याने आणखी एक गोष्ट नोंदविली आहे. लेण्यात एक शिलालेख होता. तो येथे कोणाला वाचता येईना म्हणून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविण्यात आला. त्यानंतर त्या शिळेचा माग लागलेला नाही. ह्या एका हानीमुळे लेणी कोणी खोदविली हा प्रश्न पुढच्या संशोधकांना शिल्पांच्या शैलीवरून आणि सापडलेल्या नाण्यांवरून सोडवावा लागला. कलचुरी राजा कृष्णराज ह्याच्या नाण्यांना ह्या चर्चेत महत्त्व आले ते त्यामुळेच. सतराव्या शतकाच्या अखेरच्या युरोपीय प्रवाशांनी हत्तीखेरीज बेटावरील एका दगडी घोड्याचेही वर्णन केले आहे. तो घोडा तर पुढे पूर्णपणे नाहीसा झाला. त्याने कोणत्याही जागेला नाव दिले नाही, आणि त्याचे अवशेषही कोणत्या संग्रहालयात आले नाहीत. म्हणून आज तो केवळ प्रवासवर्णनांत उरला आहे.

हत्तीची पुढची हकीकत अशी. त्याच्या पाठीवर एक लहानसा प्राणी कोरलेला होता. तो हत्तीचे पिल्लू की वाघ, ह्याविषयी पाहणाऱ्यांत एकमत नव्हते. १८१४ साली हत्तीची मान व डोके गळून पडले. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याच्या उद्देशाने उचलण्याचा प्रयत्न झाला. त्यात यारी मोडली आणि हत्ती खाली पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये आणून टाकण्यात आले. तेथे ते सुमारे अर्धशतक पडून होते. १९१४ साली कॅडेल आणि ह्युएट ह्या दोघांनी ते पुन्हा जुळविले, आणि तेव्हापासून हत्ती भायखळ्यात उभा आहे. म्हणजे ज्या खुणेवरून पोर्तुगीजांनी बेटाला नाव दिले, ती खूण १८६४ नंतर त्या बेटावर नाही. तरीही प्रवासी आजही 'एलिफंटा'ला जाण्यासाठी गेटवेहून लाँचमध्ये बसतात.

४

घोड्याची कथा तीन शतकांनी अलीकडची, पण घाट तोच. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेला राजपुत्र, १८७५ साली मुंबईस आला. त्या भेटीच्या स्मरणार्थ सर अल्बर्ट अब्दुल्ला डेव्हिड ससून ह्यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा मुंबईला भेट दिला. जोसेफ एडगर बोएम ह्या शिल्पकाराचे ते काम असून १८७९ साली ते कोटाच्या दक्षिण भागात रस्त्याच्या मध्यभागी उभारण्यात आले. दात्याला, शिल्पकाराला आणि सरकारला हा पुतळा राजपुत्राचा होता. रस्त्याने येणाऱ्याजाणाऱ्याला तो घोड्याचा होता. ब्राँझ काळवंडलेले, म्हणून 'काळा घोडा'. चौकाचे, मग भोवतालच्या सबंध भागाचे तेच नाव झाले.

१९६५ साली हा पुतळा तेथून काढून भायखळ्याच्या उद्यानात हलविण्यात आला. जागेचे नाव बदलले नाही. १९९९ पासून तेथे भरणाऱ्या कलामहोत्सवालाही तेच नाव मिळाले, आणि अखेरीस २०१७ साली त्या परिसरात एक नवा काळा घोडा उभारण्यात आला. ह्या नव्या घोड्यावर स्वार नाही.

भाषेच्या दृष्टीने ही शेवटची घटना सर्वांत लक्षणीय आहे. सामान्य क्रम असा, की आधी वस्तू असते आणि मग तिच्यावरून नाव पडते. येथे तो उलटला. बावन्न वर्षे वस्तूवाचून वावरलेल्या नावाने आपल्यासाठी वस्तू घडवून घेतली. आणि तीही मूळ पुतळ्याप्रमाणे नव्हे, तर नावाच्या अर्थाप्रमाणे. मूळ पुतळ्यात घोडा हे राजपुत्राचे वाहन होते. नावात राजपुत्र कधीच नव्हता. म्हणून नव्या शिल्पात त्याला जागा उरली नाही.

५

दोन्ही कथा शेजारी ठेवल्या म्हणजे त्यांतील साम्य स्पष्ट होते. दोन्ही ठिकाणी नाव देणारा समाज वस्तू घडविणाऱ्या समाजाहून वेगळा आहे, आणि दोन्ही ठिकाणी प्राण्याने त्याहून थोर मानल्या गेलेल्या गोष्टीला बाजूस सारले आहे. पोर्तुगीज खलाशांनी लेण्यांतील महेशमूर्तीवरून किंवा तेथल्या पुरीवरून नाव दिले नाही, धक्क्यावरच्या हत्तीवरून दिले. मुंबईकरांनी साम्राज्याच्या भावी सम्राटावरून नाव दिले नाही, त्याच्या घोड्यावरून दिले. पहिल्या वेळी पाहणारा परका होता व वस्तू देशी होती. दुसऱ्या वेळी वस्तू परकी होती व पाहणारा देशी. नामकरणाची रीत मात्र तीच राहिली.

ह्या साम्यातून एक मोहक निष्कर्ष काढला जाण्याचा संभव आहे. 'काळा घोडा' ह्या नावात मुंबईच्या सामान्य माणसाने राजपुत्राचा मूक अधिक्षेप केला, असे म्हणावेसे वाटते. असा निष्कर्ष तपासून घेतला पाहिजे, आणि तपासण्याचे साधन भायखळ्यातच आहे. संग्रहालयापासून फार दूर नसलेल्या रस्त्यावर एका उंच स्तंभावर करसेटजी माणेकजी ह्या पारशी गृहस्थांचा पुतळा आहे. त्यांचे पुत्र माणेकजी करसेटजी ह्यांनी तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारविला. लोकांनी त्याला 'खडा पारशी' म्हटले. करसेटजी काही परके राज्यकर्ते नव्हते, ते मुंबईचेच होते. तरीही त्यांचे नाव लोकांच्या तोंडी राहिले नाही. उभे राहण्याची ढब आणि वेषावरून ओळखू येणारी जात, एवढेच राहिले. म्हणजे रस्त्यावरचे नामकरण हे अधिक्षेपाचे काम नव्हे; ते दिशा सांगण्याचे काम आहे. दिशा सांगणाऱ्याला लांबून दिसेल असा रंग, आकार किंवा ढब हवी असते. चौथऱ्यावर कोरलेले नाव लांबून दिसत नाही, आणि ज्यांना ते वाचता येत नाही त्यांना जवळूनही त्याचा उपयोग नाही.

'खडा' हा शब्दही पाहण्याजोगा आहे. मराठी माणूस 'उभा' म्हणेल. 'खडा पहारा', 'खडी चढण' अशा प्रयोगांत हा शब्द मराठीत आहे, पण उभ्या माणसासाठी तो एरव्ही योजला जात नाही. तेव्हा हे नाव कोणा एका भाषेच्या घरात जन्मले नसून मुंबईच्या बाजारी हिंदुस्तानीत जन्मले आणि मराठीने ते जसेच्या तसे स्वीकारले, असे मानणे युक्त आहे. 'काळा घोडा' हे नाव ह्याउलट प्रत्येक भाषेने आपापल्या उच्चाराने चालविले. मराठीत 'काळा', हिंदीत 'काला', गुजरातीत 'काळो घोडो'. रोमन लिपीत लिहिलेल्या पाटीवर 'ल' आणि 'ळ' ह्यांतला भेद दिसत नाही. त्यामुळे इंग्रजी पाटी वाचणाऱ्याला ते हिंदी नाव वाटते, तर देवनागरी पाटी वाचणाऱ्याला मराठी.

आता नावांच्या रूपाकडे वळू. मराठीत आकारान्त पुल्लिंगी नामाचे सामान्यरूप 'या'कारान्त होते आणि त्याचे आकारान्त विशेषणही त्याबरोबर विकार पावते: काळा घोडा, काळ्या घोड्याला. जोपर्यंत बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर प्रत्यक्ष घोडा आहे, तोपर्यंत 'काळ्या घोड्यापाशी थांब' हे वाक्य निसर्गतःच येते. परंतु त्या शब्दांचे विशेषनाम घट्ट होत गेले, की विशेषणाचा विकार टळू लागतो. लेखनात 'काळा घोडा येथे', 'काळा घोडा परिसरात' असे प्रयोग नित्याचे झाले आहेत; विभक्तीचा भार 'येथे', 'परिसर', 'चौक' अशा शब्दांवर टाकून नाव अविकृत ठेवले जाते. म्हणजे घोडा गेला त्याबरोबर व्याकरणातला घोडाही जाऊ लागला.

'एलिफंटा' ह्या नावाची परीक्षाही अशाच रीतीने करता येते. मराठीने आत्मसात केलेली आकारान्त स्थलनामे सामान्यरूप घेतात: गोव्याला, आग्र्याला, कलकत्त्याला, 'अमेरिका'सारखे दूरचे नावही 'अमेरिकेला' असे वाकते. 'एलिफंटा' मात्र वाकत नाही. सर्वसाधारण प्रयोग 'एलिफंटाला' असाच आहे. चार शतकांहून अधिक काळ कानावर असूनही हे नाव मराठीच्या व्याकरणात पाहुणे राहिले. त्याचे कारण शोधण्यास लांब जावे लागत नाही: मराठी बोलणाऱ्याला त्याची गरज नव्हती. त्याच्याजवळ 'घारापुरी' होते, आणि त्याचे 'घारापुरीला' हे रूप सहज होत होते. नाव परके की आपले, हे त्याच्या उगमापेक्षा त्याच्या विभक्तीवरून अधिक खात्रीने कळते.

६

ह्या दोन उदाहरणांना मुंबईच्या इतर स्थलनामांच्या पंक्तीत बसविले म्हणजे संग्रहालयाचे स्थान नेमके कळते. वस्तू आणि नाव ह्यांच्या संबंधाचे चार प्रकार येथे दिसतात.

पहिला प्रकार, वस्तू आणि नाव दोन्ही जागच्या जागी असण्याचा. त्याचा विचार करण्याचे कारण नाही. दुसऱ्यात वस्तू नष्ट होते आणि नाव उरते. कोटाची तटबंदी १८६० नंतरच्या दशकात पाडली गेली, तिच्यातला दरवाजा गेला, 'चर्चगेट' राहिले. तळे बुजले, 'धोबी तलाव' राहिला. येथे नाव हाच एकमेव अवशेष असल्यामुळे इतिहासकार त्याची कदर करतो. तिसऱ्यात वस्तू जागच्या जागी राहते आणि अधिकृत नाव बदलते. स्वतः हे संग्रहालय आणि त्याच्या शेजारचे उद्यान ह्या प्रकारातले. व्हिक्टोरिया गार्डनचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झाले. लोक मात्र 'राणीचा बाग' म्हणत आले, आणि ही राणी कोणती ह्याचा विचार बोलताना कोणी करीत नाही. व्हिक्टोरियाचे नाव पाटीवरून गेले, तरी तिची पदवी लोकांच्या बोलण्यात राहून गेली.

चौथा प्रकार हत्तीचा आणि घोड्याचा. येथे वस्तूही आहे आणि नावही आहे, केवळ दोन्ही एके ठिकाणी नाहीत. वरवर पाहता ही स्थिती दुसऱ्या प्रकारापेक्षा भाग्याची. कारण काहीच नष्ट झालेले नाही. परंतु विस्मरणाचा धोका येथेच अधिक. चर्चगेटला दरवाजा नाही हे पाहणाऱ्याला प्रश्न पडतो, 'मग हे नाव का?' तो प्रश्न इतिहासाकडे नेतो. उलट उद्यानात स्वारासह घोडा पाहणाऱ्याला प्रश्न पडत नाही, कारण त्याच्यापुढे एक पूर्ण वस्तू उभी आहे. तो एक जुना पुतळा आहे, एवढ्यावर त्याचे समाधान होते. काळा घोडा येथे २०१७ पासून उभ्या असलेल्या नव्या घोड्यामुळे तर तेथल्या माणसालाही प्रश्न पडण्याचे कारण राहिले नाही. नाव आहे, घोडा आहे. मधली हकीकत मात्र सांगणारे कोणी नाही.

७

अशा ठिकाणी संग्रहालयाचे काम सुरू होते. संग्रहालयीन नोंदीची रूढ पद्धत सर्वत्र ठरून गेली आहे: वस्तूचे वर्णन, द्रव्य, काळ, कर्ता, दाता, मोजमाप. ह्या पद्धतीचा पाया निसर्गविज्ञानाच्या आणि औद्योगिक नमुन्यांच्या वर्गीकरणात आहे, आणि १८५५ च्या प्रदर्शनातून जन्मलेल्या संग्रहाला ती अनुरूपच होती. परंतु तिच्यात घडविणाऱ्याची व देणाऱ्याची बाजू येते. पाहणाऱ्याची आणि बोलणाऱ्याची येत नाही. अश्वारूढ पुतळ्याची नोंद ह्या पद्धतीने केल्यास राजपुत्र, ससून आणि बोएम ह्यांची नावे येतील, 'काळा घोडा' हे शब्द येतीलच असे नाही. वस्तुतः मुंबईच्या इतिहासात त्या पुतळ्याने जे काही केले ते ह्याच दोन शब्दांनी केले.

ह्यावर असा आक्षेप येऊ शकेल की लोकांच्या तोंडची नावे अनिश्चित असतात, त्यांच्याभोवती दंतकथा जमतात, आणि संग्रहालयाने सिद्ध झालेलेच लिहावे. आक्षेप वजनदार आहे. परंतु तो नावांना लागू पडत नाही, नावांच्या स्पष्टीकरणांना लागू पडतो. अमुक नाव अमुक कारणाने पडले, हे पुष्कळदा सिद्ध होत नाही. अमुक वर्षी अमुक भाषेत अमुक नाव प्रचारात होते, हे कागदोपत्री सिद्ध होऊ शकते. ओर्ताने घारापुरीच्या बाबतीत नेमके हेच केले: 'पोरी' आणि हत्तीचे बेट ही दोन नावे आणि ती ज्यांची त्यांची. व्युत्पत्ती सांगण्याच्या फंदात तो पडला नाही. परिणामी त्याची नोंद साडेचारशे वर्षांनंतरही उपयोगी पडते, आणि व्युत्पत्तिकारांची स्पष्टीकरणे एकमेकांना खोडीत राहतात. एका वैद्याने जाता जाता जे केले, ते संग्रहालयाला करणे कठीण नाही.

दुसरा आक्षेप औचित्याचा. साम्राज्याचे पुतळे चौकांतून हटविले ते विचारपूर्वक. त्यांच्या मूळ जागा आणि जुनी वैभवे पुन्हा सांगत बसण्यात काय स्वारस्य, असे कोणी विचारील. परंतु मूळ जागा सांगणे म्हणजे पुतळ्याला मान देणे नव्हे. उलट, राजपुत्राच्या पुतळ्याला मुंबईने घोड्याचे नाव दिले, पुढे पुतळा हलविला आणि नाव ठेवले, ही सबंध हकीकत सांगितल्यावाचून तो केवळ राजपुत्राचाच पुतळा राहतो. त्याचप्रमाणे, १८६४ ची घटना न सांगता हत्ती दाखविला तर तो एक डागडुजी केलेले जुने शिल्प ठरतो. त्याच्या अंगावरचे सांधे हाच त्याच्या प्रवासाचा लेख आहे, आणि तो वाचून दाखविणे अवश्य आहे. घारापुरीचा खरा शिलालेख गेला. हत्तीच्या बाबतीत तरी तसे होऊ नये.

भायखळ्याच्या संग्रहालयाने २००३ ते २००८ ह्या काळात आपली इमारत अत्यंत जाणतेपणाने पूर्ववत करून घेतली. ते काम सर्वत्र नावाजले गेले. मुंबईच्या लोकजीवनाच्या मातीच्या प्रतिमा आणि शहराचे नकाशे तेथे पाहावयास मिळतात. म्हणजे स्थानिक इतिहासाची दृष्टी तेथे परकी नाही. अशा संस्थेकडून अधिक अपेक्षा करणे म्हणजे तिचा गौरवच करणे होय. अपेक्षा तरी केवढी? जी वस्तू मूळ जागेवरून हलवून आणलेली आहे, तिच्या नोंदीत आणखी तीन रकाने असावेत: मूळ जागा, तेथून हलविल्याचे वर्ष, आणि त्या जागेच्या लोकांनी त्या वस्तूला व तिच्यावरून त्या जागेला दिलेली नावे, भाषेच्या निर्देशासह.

तिसरा रकाना भरण्याचे काम एकट्या संग्रहालयाचे नाही. त्यात भाषाविभागांचाही वाटा आहे. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर ह्या घारापुरीच्या वस्त्यांतील वृद्ध माणसे हत्तीच्या मूळ जागेला काय म्हणतात. १९६५ पूर्वी कोटात वावरलेली माणसे 'काळ्या घोड्याला' म्हणतात की 'काळा घोडा येथे', आणि त्यांची नातवंडे काय म्हणतात. 'राणीचा बाग' आणि 'राणीची बाग' ह्यांत कोणत्या पिढीत कोणता प्रयोग अधिक आहे: हे सर्व प्रश्न पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एका सत्रात हाताळता येण्याजोगे आहेत. त्यांपैकी पहिल्या दोहोंची मुदत मर्यादित आहे. १९६५ साली जो वीस वर्षांचा होता, तो आज ऐंशीच्या पलीकडे गेला आहे. पुतळा आणखी काही शतके टिकेल. त्याला 'काळ्या घोड्यापाशी' म्हणून ओळखणारी माणसे इतकी टिकणार नाहीत, आणि त्यांच्याकडून जे टिपून घ्यावयाचे ते आताच टिपून घेतले पाहिजे.